लेकीच्या घरचा हॉर्न

लग्न झाल्यापासून खुशीच्या बापाने तिच्या घरच्या पाण्याचा एक घोट घेतला नव्हता. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. उलट बबनराव ठोंबऱ्यांचा जीव लेकीवर इतका, की तिला नुसती शिंक आली तरी ते पिंपळखुट्याहून फोन करत. पण लेकीच्या घरचं काही घ्यायचं नाही, हा त्यांच्या आजाचा नियम होता, तो बापाने पाळला आणि बबनरावांना शेतीबरोबर वारशात मिळाला. कापसाच्या किंवा सोयाबीनच्या कामाने यवतमाळला आले की ते हमखास खुशीकडे येत, अंगणातल्या कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसत आणि पिशवीतून घरच्या विहिरीच्या पाण्याची स्टीलची बाटली काढत. त्या झाकणाचा कर्रर्र आवाज झाला की आत स्वयंपाकघरात खुशीचं डोकं फिरत असे.

नियमाला एक पळवाट होती. नातवंड झालं की आजोबाला लेकीच्या घरी खाता-पिता येतं. नातवंड अजून झालं नव्हतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. बबनराव तर चुकूनही बोलत नसत, माणूस मनाचा चांगला. पण त्यांनी बाटली काढली की न बोललेलं सगळं खुशीला ऐकू येई. बाबांनी एकदा तरी माझ्या घरचं पाणी प्यावं, एवढंच तिचं मागणं होतं, आणि ते मागायची सोय नव्हती.

शकुबाईंची, म्हणजे खुशीच्या आईची, गोष्ट वेगळी. नवरा बाहेर बसला की त्या "पोरीचं घर पाह्यते जरा" म्हणत आत शिरत. ओट्याला टेकून आधी माठातलं गार पाणी पीत, मग चहा, मग सकाळची काही भाजी-भाकर उरली असेल तर ती. पदराने तोंड पुसून, चेहरा पुन्हा उपाशी करून बाहेर येत. घरी निघताना नवऱ्याच्या बाटलीतलं कोमट पाणी मागून दोन घोट घ्यायलाही त्या विसरत नसत. इतकी सफाई सरकारी खात्यातही सापडत नाही.

खुशीचा नवरा रजत गाड्या सजवायचा. घराच्या पुढच्या भागातच त्यांचं दुकान होतं. सीट कव्हरं, कॅमेरे, लाइट, हॉर्न, जे गाडीला चिकटवता किंवा जोडता येतं ते सगळं तिथे मिळे. रजतचा बाप तो लहान असतानाच गेलेला. त्यामुळे सासऱ्याला काही द्यावं, त्यांनी ते वापरावं, असं त्याला फार वाटे. एकदा हौसेने स्वेटर नेलं, तर बबनरावांनी ते घेतलं, आणि आठवडाभरात तुरीच्या डाळीचं पोतं घरी येऊन पडलं. हिशेब फिटला. "तुझ्या बाबांना काही देणं म्हणजे डाळ मागवणं झालं," रजत म्हणाला होता.

अशात बबनरावांनी गेल्या दसऱ्याला नवी कोरी गाडी घेतली. आयुष्यातली पहिली. शोरूममधून गाडी निघायच्या दिवशी खुशीच्या डोक्यात ती कल्पना आली, आणि पुढचं सगळं रामायण त्या कल्पनेमुळे झालं, हे ती स्वतःही नाकारत नाही.

"बाबा, कंपनीचं थोडं काम बाकी आहे म्हणे. संध्याकाळी देतो म्हणतात गाडी," तिने बापाला सांगितलं. बबनराव शकुबाईंना घेऊन आपले जुने मित्र उत्तमसिंग यांच्या घरी जेवायला गेले. तिथे जेवायला काही हरकत नव्हती, ते लेकीचं घर नव्हतं ना! तेवढ्या वेळात रजतने गाडी दुकानात आणली. मागे बघायचा कॅमेरा लावला, चॉकलेटी सीट कव्हरं चढवली, पुढे धुक्यात लागणारे दोन पिवळे लाइट बसवले आणि कंपनीचा हॉर्न बदलून भारदस्त आवाजाचा जोडहॉर्न लावला.

रजत कामाचा पक्का. एरवी गाडीची मूळ तार तो कधी कापत नसे. लाइटला वीज थेट बॅटरीवरून घ्यायची, मध्ये फ्यूज टाकायचा, वेगळं बटण द्यायचं, ही त्याची पद्धत. पण वेगळं बटण आणि वेगळी तार दिसली की कोणीही ओळखेल, हे बाहेरचं काम आहे. आणि बबनराव ठोंबऱ्यांची नजर म्हणजे कापसाच्या गाठीतली एक काडी दुरून हेरणारी.

"कंपनीचंच वाटलं पाहिजे," खुशी म्हणाली. "नाहीतर पुन्हा डाळ येईल."

गाडीच्या डॅशबोर्डवर कंपनीने एक रिकामं बटण सोडलेलं होतं. महागाच्या मॉडेलला तिथे लाइट असतात, याला नव्हते. रजतने मन घट्ट करून मूळ तारांचा जुडगा सोडला, आतली तार कापली, जोड दिला, लाइट त्या बटणावर घेतले आणि वरून अशी टेप मारली, की कंपनीच्या माणसालाही वाटावं आपणच मारली. हॉर्नचं मात्र त्याने रीतसर केलं. तार न कापता मूळ प्लगमध्ये प्लग बसवला, रिले आणि फ्यूज वेगळे दिले. हॉर्न बॉनेटच्या आत, कोण पाहतं!

"दसऱ्याच्या ऑफरमध्ये कंपनीनं दिलं, बाबा. फुकट," खुशीने संध्याकाळी सांगितलं.

फुकट म्हटल्यावर बबनराव विरघळले. कंपनीचं त्यांनी जे कौतुक सुरू केलं, ते गावभर पोहोचलं. पिंपळखुट्यात दोघांनी तर त्याच कंपनीची गाडी बघायला शोरूम गाठलं. त्या हॉर्नची तर ओळखच पडली. नाल्याच्या वळणावर तो वाजला की शकुबाई चहाचं आधण ठेवत, वावरातल्या बाया म्हणत, "आले पाटील." इकडे खुशी मनात हसे. बाबा माझ्या घरच्या सीटवर बसतात, माझ्या घरच्या उजेडात गाडी चालवतात, माझा हॉर्न वाजवतात, आणि त्यांना पत्ता नाही! तो सगळा हिवाळा ती आनंदात होती.

वैशाखात पितळ उघडं पडलं.

संकष्टीला बबनराव आणि शकुबाई कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेले होते. परत निघाले आणि गावाबाहेर पडतात न पडतात तोच गाडीच्या अंगात आल्यासारखं झालं. आभाळात ढगाचं नाव नाही, डांबर वितळायला आलेलं, आणि वायपर आपोआप सुरू झाले. दारांची लॉकं खटाखट उघडू-मिटू लागली. मग जळका वास आला, आणि गाडी जी थांबली ती थांबलीच. सर्व्हिस सेंटरची ओढगाडी येऊन तिला यवतमाळला घेऊन गेली. तिथून बबनरावांचा फोन आला.

"खुशे, जवाईबापूले घेऊन ये इकडे. कंपनीवाले बदमाश निंगाले. सोताच लाइट देल्ले अन् आता म्हणून राह्यले, आमी देल्लेच नाही!"

खुशीने फोन ठेवला. रजतने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता दुकानाचं शटर ओढलं.

सर्व्हिस सेंटरमध्ये बबनराव काउंटरवर दोन्ही हात टेकून उभे होते. समोर क्षितिज नावाचा तरुण सल्लागार, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. शकुबाई पंख्याखालच्या खुर्चीवर बसून घाम टिपत होत्या.

"काका, या मॉडेलला हे लाइट कंपनी देतच नाही," क्षितिज कितव्यांदा तरी सांगत होता. "बाहेरून बसवलेत. मूळ तार कापून जोड दिलाय. त्या तारेला एवढा भार झेपत नाही. ती रोज तापून तिचं आवरण वितळलं आणि काच, लॉक, वायपर सांभाळणारा जो डबा असतो, तो जळला. हा डबा वॉरंटीत बसणार नाही."

"बाहेरून कोन बसवते? गाडी शोरूममधून निंगाली ते सिध्धी माह्या घरी गेली!" बबनरावांचा आवाज चढला. मग त्यांना रजत दिसला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी सुटका उमटली, की खुशीला बघवेना. "या, जवाईबापू! तुमचा तं हाच धंदा हाये. पाहा तुमी अन् सांगा या पोराले, हे काम कोनाचं हाये ते."

क्षितिजने सगळ्यांना गाडीपाशी नेलं. बॉनेट उघडं होतं, टेप सोडलेली होती आणि काळा पडलेला जोड बाहेर लोंबत होता. रजत त्याच्याकडे बघत राहिला. आपलं काम माणूस लांबूनही ओळखतो.

"काम सफाईचं आहे, त्यात वाद नाही," क्षितिज म्हणाला. "पण करायला नको होतं."

"बोला ना, जवाईबापू," बबनराव म्हणाले. "कंपनीचंच हाये का नाही?"

रजतला फक्त 'हो' म्हणायचं होतं. सासऱ्याने भर लोकांत त्याला साक्षीला उभं केलं होतं, त्याच्या शब्दावर ते भांडत सुटले असते, ग्राहक मंचापर्यंत गेले असते. त्याने तोंड उघडलं आणि खुशीकडे पाहिलं. खुशीला कळलं की हा माणूस आपल्यासाठी खोटंही बोलेल आणि नंतर महिनाभर जेवणार नाही. तिला त्याची दया आली आणि स्वतःचा राग आला.

"बाबा, ते कंपनीचं नाही," ती म्हणाली. "आमचं आहे. लाइट, कॅमेरा, सीट कव्हरं, हॉर्न, सगळं आमच्या दुकानातलं. मीच यांना लपवून बसवायला लावलं. हे तर मूळ तार कापायला तयारच नव्हते."

बबनरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग रजतकडे, मग गाडीकडे.

"काहून?" त्यांनी एवढंच विचारलं.

"तुम्ही काही घेतच नाही ना आमचं!" खुशीचा आवाज फुटला. "दिलं की डाळ पाठवता. पाणीसुद्धा घेत नाही. मग मी काय करू?"

पंख्याखालून उठून मागे आलेल्या शकुबाई एकदम खाली बघून बांगड्या सारख्या करू लागल्या. पाण्याचा विषय निघाला की त्यांना नेहमीच बांगड्या आठवत.

बबनरावांना रागापेक्षा लाज जास्त वाटत होती, हे खुशीला दिसत होतं. गावभर ज्या कंपनीची तारीफ केली, तिने काही दिलंच नव्हतं. शेवटी ते क्षितिजकडे वळले. "म्हंजे पुऱ्या गाडीची वारंटी गेली म्हना."

"नाही काका. सगळ्यांना तसंच वाटतं," क्षितिज म्हणाला. "एक तार कापली म्हणून अख्खी गाडी वॉरंटीतून जात नाही. त्या कापण्यामुळे जे बिघडलं, तेवढंच जातं. इंजिन, गिअर सगळं आहे तसं आहे. तुमच्या एसीची तक्रार होती ना, थंड करत नाही म्हणून? त्याचा या तारेशी संबंध नाही, तो आम्ही वॉरंटीतच करून देऊ. सीट कव्हरं मात्र काढा. या सीटच्या बाजूला एअरबॅग आहे, वेळ आली तर ती कव्हरात अडकेल. आणि हॉर्न..." तो जरासा हसला. "हॉर्न रीतसर लावलाय. तार कापलेली नाही, फ्यूज वेगळा आहे. तो राहिला तरी आमची काही हरकत नाही."

"नाही," बबनराव म्हणाले. "कंपनीनं देल्ली होती तशी पायजे मले गाडी. सबन काढा. हॉर्नबी."

जळलेला डबा भरून द्यायला रजत पुढे झाला, तर बबनरावांनी त्याचा हात धरून बाजूला केला. "गाडी माही हाये, जवाईबापू." ते रागाने बोलले असते तर खुशीला बरं वाटलं असतं. इतक्या हलक्या आवाजात बोलले, की तिला त्या रात्री जेवण गेलं नाही.

गाडी दुरुस्त झाली तसे बबनराव शकुबाईंसह ती घेऊन दुकानात आले. दुपार रणरणत होती. नमस्कार-चमत्कार झाले, खुर्ची कडुनिंबाखाली गेली, पिशवीतून बाटली निघाली. कर्रर्र. खुशी आत माठापाशी उभी राहिली आणि तिने डोळे पुसले. सगळा उपद्व्याप करून आपण होतो तिथेच आलो, असं तिला वाटलं. शेजारी शकुबाईंनी तेवढ्यात एक पेला रिकामा केला होता.

"रडू नको वो," त्या तोंड पुसत म्हणाल्या. "तुह्या बापाचं डोस्कं म्हंजे वावरातला धोंडा. पन पाझरते कवा कवा." आणि चेहरा उपाशी करून त्या बाहेर गेल्या.

पिवळे लाइट सर्व्हिस सेंटरवाल्यांनीच काढले होते, बाकीचं ज्याने लावलं त्यानेच काढायचं होतं. रजतने आता कॅमेरा काढला. सीट कव्हरं उतरवली. आतून कंपनीचं फिकट राखी कापड निघालं. बबनराव नजर न हलवता पाहत होते. मग रजतने बॉनेट उघडून जोडहॉर्न सोडला आणि कंपनीचा हॉर्न, जो त्याने जपून ठेवला होता, जागेवर बसवला.

"वाजवून पाहा, मामाजी."

बबनराव गाडीत बसले. त्यांनी ऐटीत हॉर्न दाबला.

पींऽऽ.

रस्त्यावरून जाणाऱ्या एका शेळीनेसुद्धा मान वर केली नाही. बबनरावांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. ते स्टिअरिंगकडे बघत बसले.

"हे काय हो," शकुबाई बाहेरून म्हणाल्या. "हे तं पोट्ट्याच्या सायकलीवानी वाजून राह्यलं. नाल्यावर तुमी आले का दूधवाला आला, मले कसं समजन? चहा कोनासाठी ठेवू मी?"

रजत हसू दाबायला बॉनेटच्या आड गेला. खुशी दारात उभी होती. तिला हसू येत नव्हतं, ती बापाकडे बघत होती.

बबनराव गाडीतून उतरले. बाकावर जोडहॉर्न ठेवलेला होता, त्याच्याजवळ गेले. तो उचलून हातात धरला, जरा धूळ होती ती सदऱ्याने पुसली. वैशाखात वावरातून दमून येताना, थंडीतल्या काळोखात दारव्ह्याहून परत येताना, या एका आवाजाने घरचं दार उघडलं होतं.

"जवाईबापू," ते म्हणाले, "यानं वारंटी जात नाई, असं म्हनला ना तो पोरगा?"

"नाही जात, मामाजी. हा सरळ काढता-बसवता येतो. मूळ तारेला धक्का नाही."

"मंग लावून द्या."

रजतने खुशीकडे पाहिलं. खुशी जागची हलली नाही. तिला भीती वाटली, की आता बाबा डाळीचा हिशेब सांगतील, दोन पोती, चार पोती, आणि सगळं फिटेल.

बबनरावांना बहुतेक तेच आठवलं असावं. कारण ते जरा थांबले, कडुनिंबापाशी आले आणि मान खाली घालून उभे राहिले. हॉर्न ठेवायचा म्हणजे लेकीच्या घरचं घेतलं. आणि घ्यायचंच म्हटलं, तर आजवर नकळत काय कमी घेतलं होतं? सगळा हिवाळा लेकीच्या उजेडात गाडी हाकली, लेकीच्या सीटवर बसून देवदर्शन केलं. चिंतामणीने काही कान धरून विचारलं नव्हतं.

"यापाई डाळ धाडली तं बरी दिसन का?" त्यांनी कुणाला तरी, बहुधा झाडालाच, विचारलं.

"नाही दिसणार," खुशी म्हणाली.

"हव ना. हॉर्नापाई डाळ. लोकं हासतीन."

त्यांनी बाटली उचलली. झाकण फिरवलं. उन्हात ठेवलेली ती, हाताला चटका बसण्याइतकी तापली होती. त्यांनी बाटली वाकडी केली आणि आपल्या विहिरीचं पाणी कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतून टाकलं, शेवटच्या थेंबापर्यंत.

"खुशे," ते म्हणाले, "तुह्या माठात पानी हाये का?"

खुशी धावत आत गेली. घाईघाईत पेला भरताना अर्धं पाणी ओट्यावर सांडलं. तिने पुन्हा भरला. एक बापासाठी, आणि दुसरा, शकुबाईंनी मागून डोळ्यांनी खुणावलं म्हणून, आईसाठी. बबनरावांनी पेला दोन्ही हातांत घेतला, वर तोंड करून घटाघट रिकामा केला आणि मिशा पुसल्या. शकुबाईंनी आपला पेला कपाळाला लावला, लग्नानंतर लेकीच्या घरचं हे पहिलंच पाणी असल्यासारखं हळूच ओठांना लावला आणि म्हणाल्या, "अगंबाई, लयच गार हाये वो पानी तुह्या घरचं!"

"असनच," बबनराव बायकोकडे बघत म्हणाले आणि रिकामा पेला लेकीपुढे धरला. "दर खेपी घरी गेल्यावर झोपेत म्हनते ना तू, खुशीच्या माठाचं पानी लय गार. ऐकू ऐकू जीव गेला माहा. दे, पोरी, आनखी एक."